शेवटून वाचायचा पत्ता

माझ्या वडिलांना ‘तुमचा पत्ता अपूर्ण आहे’ या वाक्यानं फसवलं. लॉटरी लागली, खातं गोठणार, दारात पोलीस येणार, यातल्या कशालाही अण्णा बधले नसते. पण चाळीस वर्षं रेल्वे मेल सर्व्हिसमध्ये, म्हणजे आरएमएसमध्ये, लोकांच्या अर्धवट पत्त्यांवरून बरोबर गाव हुडकण्यात गेलेल्या माणसाला कुणी सांगितलं की तुझाच पत्ता अपूर्ण आहे, तर तो घाबरत नाही, चिडतो. आणि चिडलेला माणूस नीट वाचत नाही.

२०२५ चा श्रावण होता. राखीपौर्णिमा चार दिवसांवर आलेली. आत्या खामगावला असते. ती दरवर्षी पोस्टानं राखी पाठवते, सोबत पुडीत कुंकू आणि चिमूटभर तांदूळ, त्यामुळे पाकीट एका कोपऱ्यात फुगलेलं असतं. आत्याचं अक्षर म्हणजे पावसात भिजलेली मुंग्यांची रांग. पिनकोड ती लिहिते, पण मनाला येईल तो. तर अण्णा भुसावळच्या घरात दाराजवळच्या खुर्चीत पोस्टमनची वाट बघत बसलेले, आणि पोस्टमनच्या आधी मोबाईलवर इंग्रजीत मेसेज आला. तुमचं पार्सल गोदामात पोचलं आहे, दोनदा प्रयत्न केला, पत्ता अपूर्ण असल्यानं देता आलं नाही, अठ्ठेचाळीस तासांत खालच्या लिंकवर पत्ता दुरुस्त करा, नाहीतर परत पाठवलं जाईल.

“लिहिला असेल हिनं काहीतरी गिचमीड,” असं म्हणत त्यांनी लिंक उघडली.

लाल-पिवळं पान, टपाल खात्याचं चिन्ह, सगळं यथास्थित. अण्णांनी घर नंबरापासून पिनपर्यंत पत्ता टाईप केला; आई सांगते, टाईप करताना ते मोठ्यानं पुटपुटत होते, जणू समोरच्या नव्या पोराला शिकवत होते. मग पान म्हणालं, पुन्हा पोचवण्याचे पंचवीस रुपये. इथे कुणालाही शंका यायला हवी. अण्णांना आली नाही, कारण त्यांच्या खात्यात हे होतंच. तिकीट कमी लावलेलं पत्र आलं तर घेणाऱ्याकडून कमी पडलेल्या रकमेच्या दुप्पट वसूल करायचे, लोक त्याला नॉटपेड पत्र म्हणायचे. पंचवीस रुपये म्हणजे त्याचाच नवा अवतार, असं त्यांना वाटलं. कार्डाचा नंबर दिला, मागचे तीन आकडे दिले, ओटीपी आला, त्यातले सहा आकडे दिले. त्याच ओटीपीच्या मेसेजमध्ये रक्कम छापलेली होती. ती पंचवीस नव्हती, अठरा हजारांच्या वर होती. पण आकडे उतरवून घेणाऱ्याची नजर फक्त आकड्यांवर असते.

मला रात्री फोन आला, तोही आईचा. “हे जेवत नाहीयेत.” एवढंच. काय झालं ते कळायला अर्धा तास गेला, कारण अण्णा पैशांबद्दल बोलायलाच तयार नव्हते. मी पुण्याहून एकीकडे त्यांना कार्ड बंद करायला लावलं, दुसरीकडे १९३० ला फोन लावला. सायबर फसवणुकीची ती हेल्पलाईन आहे, आणि तिथे पहिल्या तासाला जी किंमत आहे ती सहाव्या तासाला नाही, कारण चोरलेले पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, तिसऱ्यात पळत असतात आणि वाटेत कुठे अडवता आले तरच परत येतात. आम्ही सात तासांनी पोचलो होतो. तीनेक हजार अडले, बाकी गेले.

दोन दिवसांनी भुसावळला गेले तेव्हा अण्णा एक वाक्य बोलले. “मी पत्ता वाचला होता गं. पण पुढून वाचला.”

हे वाक्य समजायला आरएमएसचा डबा डोळ्यांसमोर आणावा लागतो. अण्णा सत्तर साली लागले. तेव्हा टपालाचं सॉर्टिंग धावत्या गाडीत चाले. लांबलचक डबा, एका बाजूला भिंतभर लाकडी खण, वर पिवळा दिवा, खाली सुतळीनं बांधलेल्या बॅगा, लाखेचा वास. डाव्या हातात पत्रांचा गठ्ठा आणि उजव्या हातानं एकेक पत्र खणात. पुढचं जंक्शन यायच्या आत खण रिकामे करून बॅग बांधून तयार हवी. या घाईत पत्रावरचं नाव कोण वाचतो? ‘श्रीमान’ आहे की ‘तीर्थरूप’, वकीलसाहेब आहेत की गुरुजी, याच्याशी सॉर्टरला देणंघेणं नसतं. त्याची नजर पडते ती खालच्या ओळीवर. आधी जिल्हा, मग वर सरकत तालुका, मग पोस्ट, मग मुक्काम. नाव शेवटी, आणि तेही पोस्टमननं वाचायचं.

उलट वाचण्याचं कारण साधं आहे. आपल्याकडे गावांच्या नावांचा तुटवडा आहे. अण्णांच्या टापूतलं एकटं पिंपळगाव घ्या. पिंपळगाव बसवंत निफाड तालुक्यातलं, पिंपळगाव हरेश्वर पाचोऱ्यातलं, पिंपळगाव राजा खामगावकडचं, पिंपळगाव रेणुकाई भोकरदनचं. ‘पिंपळगाव’ एवढं वाचून हात हलवला की द्राक्षांच्या पिंपळगाव बसवंतचं पत्र बुलढाणा जिल्ह्यात जाऊन बसलं. ओळखीचं नाव दिसलं की हात आपोआप हलतो, आणि नव्या सॉर्टरला पहिली शिवी याच हाताबद्दल मिळते, असं अण्णा सांगायचे.

याच गोंधळावर १५ ऑगस्ट १९७२ रोजी पिनकोड आला. तो आणणारे अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर मूळचे कोकणातले, आणि संस्कृतात नाटकं लिहिणारे. टपाल खात्यात असा माणूस होता याचा अण्णांना अजून अभिमान आहे. पिनमधला पहिला आकडा देशाचा विभाग सांगतो. आपला चार, त्यात महाराष्ट्रासोबत गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड. पहिले तीन मिळून सॉर्टिंगचा जिल्हा, उरलेले तीन वाटप करणारं पोस्ट. म्हणजे गावाचं नाव कुणी चुकीचं लिहिलं, कानडीत लिहिलं, आत्यासारखं लिहिलं, तरी सहा आकडे बरोबर असले की पत्र पोचतं. (आत्याचे आकडेही चुकतात, ही गोष्ट वेगळी.)

आता वेबचा पत्ता. इंटरनेटवरही सुरुवातीला सगळ्या यंत्रांच्या नावांची एकच यादी होती आणि ती अमेरिकेत स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये सांभाळली जायची. यंत्रं वाढली, यादी आवरेना, तेव्हा १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी नावांची आजची व्यवस्था मांडली: सगळ्यांत मोठा विभाग, त्याच्या पोटात छोटा, त्याच्या पोटात आणखी छोटा, आणि प्रत्येकानं फक्त आपल्या हद्दीतली नावं सांभाळायची. आपलं जिल्हा-तालुका-गाव, दुसरं काय. लिहायची पद्धतही पाकिटासारखीच, छोटं आधी, मोठं शेवटी. ब्रिटनमधल्या विद्यापीठांच्या जाळ्यात एकेकाळी हे पत्ते उलटे, म्हणजे देश आधी आणि विद्यापीठ नंतर, असे लिहीत. ती पद्धत मागे पडली. तीच टिकली असती तर अण्णांचे अठरा हजार वाचले असते, असं मला उगाच वाटतं.

कारण अण्णांच्या मेसेजमधला पत्ता असा होता: इंडियापोस्ट डॉट गव्ह डॉट इन, आणि इथे संपला असता तर तो टपाल खात्याचा खराखुरा पत्ता झाला असता. पण तो संपला नव्हता. पुढे आणखी एक डॉट, मग सहा-सात निरर्थक अक्षरं, मग डॉट टॉप. म्हणजे जिल्हा ‘टॉप’, तालुका ती निरर्थक अक्षरं, आणि ‘इंडियापोस्ट डॉट गव्ह डॉट इन’ ही त्या तालुक्यातल्या कुण्या भामट्यानं दारावर लावलेली पाटी. पाटीवर काय लिहायचं हे घरमालक ठरवतो. मी उद्या ‘टॉप’मध्ये एक गाळा घेतला आणि दारावर राष्ट्रपती भवन लिहिलं तर मला अडवायला कुणी येणार नाही.

म्हणून वाचायचं ते असं. सुरुवातीचं एचटीटीपीएस, कोलन आणि त्या दोन तिरप्या रेघा सोडून द्या. त्यानंतर पहिली एकटी तिरपी रेघ जिथे येते तिथे बोट ठेवा. रेघच नसेल तर पत्त्याच्या टोकाला. बोटाच्या लगेच डावीकडे असतो जिल्हा. एक ठिपका ओलांडला की तालुका, आणि मालक तिथेच कळतो. आपल्याकडच्या ‘गव्ह डॉट इन’ किंवा ‘को डॉट इन’ अशा जोडजिल्ह्यांत आणखी एक ठिपका मागे जायचं. त्याच्या डावीकडे जे आहे ती पाटी, आणि बोटाच्या उजवीकडे जे आहे ते घरातल्या खोल्या. दोन्हींवर विश्वास ठेवायचं कारण नाही. मध्येच ॲट द रेटचं चिन्ह दिसलं तर आणखी सावध व्हायचं, कारण रेघेच्या आत ते चिन्ह आलं की त्याच्या आधीचा सगळा मजकूर ब्राउझर पत्ता म्हणून धरतच नाही.

‘डॉट इन’ म्हणजे भारत सरकार, असा आमच्या कॉलनीत सर्वांचा समज होता. माझाही बराच काळ होता. तसं नाही. ‘डॉट इन’ कुणीही पैसे भरून घेऊ शकतो. सरकारी म्हणजे ‘गव्ह डॉट इन’, आणि तेही मध्ये ठिपका असलेलं. ठिपक्याच्या जागी आडवी रेघ टाकून कुणी ‘अमुक-गव्ह डॉट इन’ घेतलं तर त्यात सरकार औषधालाही नाही. ती रेघ म्हणजे नावाचाच भाग, हद्दीची भिंत फक्त ठिपका. अण्णांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “म्हणजे मुक्काम पोस्ट जिल्हाजळगाव.” तंतोतंत.

एका अक्षरानं काय होतं हे मराठी माणसाला शिकवायला नको. नारायणराव पेशव्यांना ‘धरावे’ असं लिहिलेल्या चिठ्ठीत आनंदीबाईंनी ‘ध’ चा ‘मा’ केला ही आख्यायिका आपण शाळेत असल्यापासून ऐकतो. ती खरी असो नसो, ३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात खून झाला तो खरा. पण तो ‘मा’ निदान दिसत तरी होता. जुन्या छपाईतला ‘ख’ आठवा, ‘र’ आणि ‘व’ शेजारी ठेवल्यासारखा. ‘खाना’ आहे की ‘रवाना’, हे संदर्भावरून ठरवायचं. म्हणून तर लिपीसुधारणेत त्या दोघांचे पाय जोडले गेले. रोमन लिपीत अशा जोड्या कितीतरी. छोटा आर आणि छोटा एन चिकटून बसले की लांबून एम दिसतो. मोठा आय आणि छोटा एल जुळे भाऊ. शून्य आणि ओ तर विचारूच नका. यावर कडी म्हणजे रशियन लिपीतली काही अक्षरं दिसायला हुबेहूब रोमन आहेत, पण संगणकाच्या लेखी सर्वस्वी निराळी. २०१७ मध्ये एका संशोधकानं सगळी अक्षरं त्या लिपीतली घेऊन ॲपल कंपनीच्या पत्त्यासारखा दिसणारा पत्ता नोंदवून दाखवला होता, आणि तेव्हाचं क्रोमही फसलं होतं. ब्राउझरनी त्यानंतर बंदोबस्त केला. आता असा संशयास्पद पत्ता बऱ्याचदा ‘एक्सएन’ आणि दोन आडव्या रेघांनी सुरू होणाऱ्या विचित्र रूपात उघडा पडतो. पण मोबाईलच्या चिंचोळ्या पट्टीत पत्त्याचं टोक दिसलं तर ना. वाचायचं असतं टोक, आणि मेसेजमध्ये मोठ्या दिमाखात दिसतं ते डोकं. ही लबाडी चोरांनी शोधलेली नाही, पडद्यानंच त्यांच्या हातात दिली आहे.

कुलपाचंही तसंच. मीच अण्णांना कधीकाळी सांगितलं होतं की वर पत्त्याच्या पट्टीत कुलपाचं चित्र दिसलं की पान सुरक्षित. त्या खोट्या पानालाही कुलूप होतं. हे ऐकून मी खरंच शरमले. कुलपाचा अर्थ एवढाच की तुम्ही आणि समोरचा यांच्यामधलं बोलणं वाटेत कुणी वाचू शकत नाही. समोरचा कोण, याचा त्यात उच्चार नाही. लाखेचं सील शाबूत आहे म्हणजे पत्र पाठवणारा सज्जन आहे असं आरएमएसमध्ये कुणी मानलं नसतं. या कुलपासाठी लागणारी प्रमाणपत्रं फुकट मिळू लागल्यापासून चोरांनीही कुलपं लावली, आणि गैरसमज इतका पसरला होता की गूगलनं २०२३ मध्ये क्रोममधून ते कुलपाचं चित्र काढूनच टाकलं.

इथवर सगळा दोष चोरांचा. पण थोडा राग मला प्रामाणिक मंडळींवरही काढायचा आहे. माझ्या बँकेचा खराखुरा मेसेज येतो तो आखूड केलेल्या लिंकसह, ज्यात बँकेचं नाव शोधून सापडत नाही. एकीकडे ‘अनोळखी लिंक उघडू नका’ आणि दुसरीकडे ही लिंक. वीज कंपनीचं नाव महावितरण आणि पत्ता महाडिस्कॉम डॉट इन. तो खरा आहे, पण हे ज्याला माहीत नाही त्यानं काय ओळखावं? ‘आज रात्री साडेनऊला वीज कापणार’ या मेसेजनं लोक धडाधड फसतात ते उगाच नाही. या बाबतीत रिझर्व्ह बँकेनं केलेलं काम मला आवडलं. बँकांनी ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत आपले पत्ते ‘बँक डॉट इन’ या शेपटीवर न्यावेत असा आदेश निघाला, आणि ती शेपटी बँकांखेरीज कुणाला मिळत नाही. अण्णांनी बातमी वाचून चष्मा काढला. “शेवटी बँकांना पिनकोड मिळाला म्हणायचा.”

पण ही सगळी विद्या सांगणारी मी कोण, हेही सांगायला हवं. दिवाळीनंतर एका दुपारी मला चलानाचा मेसेज आला. आदल्याच दिवशी मी कर्वे रोडवर गाडी जिथे लावू नये तिथे लावली होती, तेव्हा अपराधी भाव ताजा होता. लिंक उघडली. पानानं चलानाचा फोटो बघायला एक ॲप उतरवून घ्यायला सांगितलं, आणि मी घेतलंसुद्धा असतं. फोनमध्ये जागा नव्हती म्हणून उतरलं नाही. माझी अक्कल नव्हे, व्हॉट्सॲपवरच्या सुप्रभातच्या फुलांनी मला वाचवलं.

मग मी भुसावळला फोन लावला.

“पत्ता वाच,” अण्णा म्हणाले.

“परिवहन...”

“पुढचं नको. शेवट सांग.”

शेवट गव्ह डॉट इन नव्हता. खऱ्या चलानाचा पत्ता गव्ह डॉट इनच्या पोटात असतो. फोनवर थोडी शांतता, मग ते हसले. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा नव्हे, पण त्या विषयावर पहिल्यांदा.

आता त्यांच्याकडे एक जुनी रोजमेळाची वही आहे. आडव्या-उभ्या रेघा मारून तिचे खण केले आहेत. कॉलनीतले लोक लिंक घेऊन येतात, अण्णा भिंगातून शेपूट बघतात आणि खणात नोंद करतात. एक खण खऱ्यांचा, एक खोट्यांचा, एक ‘पाठवणाऱ्यास परत’. त्यांच्या मते हा तिसरा खण आवश्यक आहे. खरं-खोटं कळेना तर उघडायचं नाही, ज्याच्या नावानं आलं त्याच्या ऑफिसात जाऊन विचारायचं. २०२५ च्या सप्टेंबरात लाडकी बहीण योजनेचं ई-केवायसी सुरू झालं तेव्हा शेजारची सून दोन वेगवेगळ्या लिंक घेऊन आली होती. अण्णांनी तिला खरा पत्ता उलटा वाचायला लावला. इन, गव्ह, महाराष्ट्र, लाडकी बहीण.

“देश, सरकार, राज्य, आणि मग तू,” ते म्हणाले. “तुझं नाव सगळ्यांत शेवटी. आणि ही दुसरी बघ. हिच्यात तुझं नाव पहिलं.”

राखीचं सांगायचं राहिलं. ती आली, पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी, साध्या पाकिटातून, कोपऱ्यात कुंकू पाझरलेलं. पार्सल नव्हतं, गोदाम नव्हतं, पंचवीस रुपये नव्हते. आत्यानं पिनमधले शेवटचे दोन आकडे नेहमीप्रमाणे उलटेपालटे केले होते. वाटेत कुठेतरी कुणीतरी ते लाल शाईनं खोडून शेजारी बरोबर आकडे लिहिले होते.

अण्णांनी पाकीट लगेच उघडलं नाही. उजेडाकडे धरून ते लाल आकडे बराच वेळ बघत राहिले.

“जुना हात आहे,” म्हणाले. “पाचाचं पोट बघ.”